पालखीचे खांदे

गेल्या वर्षी जत्रेच्या रात्री आमच्या कुळदेवतेची पालखी प्रदक्षिणेत तीन वेळा थांबवावी लागली. वाट नेहमीचीच होती, पालखी नेहमीचीच होती, फुलांचा भारही काही अधिक नव्हता. दमत होते ते खांदे. पुढल्या दांड्याखाली आम्ही होतो. आमचे वय सत्तेचाळीस. गुडघ्याची कुरकुर आता कोर्टाच्या पायऱ्या चढतानाही आम्हांस ऐकू येते. आणि तरीही त्या रात्री सोवळे नेसून दांड्याला खांदा देणाऱ्यांत सर्वांत तरुण आम्हीच होतो. तिसऱ्या थांब्यावर आमच्या मागे उभे असलेले, सत्तरी उलटलेले एक महाजन धाप टाकीत म्हणाले, "देव जड जावंक ना, वकीलबाब. आमीच म्हातारे जाल्यात."

सभोवार थोडा हशा झाला, चौघडा पुन्हा सुरू झाला आणि पालखी पुढे सरकली. परंतु ते वाक्य आमच्या मनातून सरकले नाही. आम्ही लहान होतो तेव्हा पालखीला खांदा मिळावा म्हणून तरुणांत अहमहमिका लागे. वडील मंडळींनी डोळे वटारल्यावाचून आमच्यासारख्या पोरांना दांड्याला हातही लावता येत नसे. तोच दांडा आता रिकाम्या हातांची वाट पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवस्थानच्या कचेरीत मुखत्यारांनी आमच्यापुढे महाजनांची यादी ठेवली. समितीची निवडणूक दर तीन वर्षांनी होते, आणि तत्पूर्वी यादी शुद्ध करावी लागते. दिवंगतांची नावे खोडावयाची आणि वयात आलेल्यांची नवी नावे घालावयाची, एवढेच ते काम. वकील म्हणून ते आमच्याकडे येणे स्वाभाविकच होते. मुखत्यारांनी तांबडी आणि निळी अशा दोन लेखण्या दिल्या. दोन तासांत तांबडी शाई पुष्कळ खर्ची पडली. निळ्या लेखणीचे टोपण मात्र मोजक्याच वेळा उघडावे लागले. जी निळी नावे आली त्यांच्यापुढचे पत्तेही पुण्याचे, बेंगळूरचे, मस्कतचे, टोरांटोचे. एका पानावर तर एका घराण्याची सर्वच्या सर्व नावे तांबड्या रेघेखाली गेली. त्या घराण्यात अपत्ये नाहीत असे नव्हे. तीन मुली आहेत, तिघीही कर्तबगार आहेत. परंतु आमच्याकडील बहुतेक देवस्थानांप्रमाणे आमच्याही यादीत कुळातील पुरुषांचीच नावे लागतात. या घराण्याचा विषय आम्ही येथे थोडा बाजूस ठेवतो. त्याच्याकडे परत यावे लागणार आहे.

एका देवळाच्या यादीत जे आम्ही तांबड्या-निळ्या शाईत पाहिले, तेच जनगणनेची खानेसुमारी सबंध प्रदेशाविषयी सांगत असते. समाजाची वयोरचना म्हणजे काय, हे देवळात जाणाऱ्या माणसास समजावून सांगणे कठीण नाही. देवळापुढची दीपमाळ पाहावी. तळाशी रुंद, वर जावे तसतशी निमुळती. शंभर वर्षांपूर्वी आपला समाज असा होता. तळाच्या थरात मुलेच मुले, त्यांवर तरुण, त्यांवर प्रौढ, आणि शिखरावर मोजके वृद्ध. ती रचना सुखाची होती असे मात्र कोणी समजू नये. दीपमाळ निमुळती होई ती मृत्यूमुळे. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान अवघे बत्तीस वर्षांचे होते. देवी, पटकी, हिवताप आणि बाळंतपण यांनी दर थरातून माणसे वेचून नेली, म्हणून वरचा थर अरुंद राहिला. आमच्या पणजीला नऊ मुले झाली होती असे घरात सांगतात. त्यांपैकी मोठी झाली ती चार. एकत्र कुटुंबाच्या जुन्या वैभवाची आठवण काढून जे उसासे टाकतात, त्यांनी त्या उरलेल्या पाचांचीही आठवण काढावी.

पुढे औषधे आली, लशी आल्या, रस्ते आणि दवाखाने आले. आज देशाचे सरासरी आयुर्मान सत्तरीच्या घरात आहे. मुले जगू लागली, तेव्हा आईबापांनी मुले कमी होऊ दिली. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. आमच्या बालपणी सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लाल त्रिकोण आणि दोन मुलांचे हसरे कुटुंब रंगविलेले असे. तो त्रिकोण आम्ही शाळेच्या वाटेवर रोज पाहिला. गोव्याने तर तो सल्ला सल्लागारांच्याही अपेक्षेपलीकडे मानला. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यात दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १.३ आहे, सबंध भारताचे २.०. एक पिढी दुसऱ्या पिढीची जागा पुरती भरून काढण्यास हे प्रमाण सुमारे २.१ असावे लागते. १.३ या आकड्याचा अर्थ असा की शंभर आयांच्या जागी पुढल्या पिढीत साठांच्या आसपास मुली उरतात आणि त्यापुढल्या पिढीत चाळीसांच्या आसपास. हे प्रमाण असेच राहिले तर आमच्या नातवंडांच्या लग्नाच्या पंगतीत पाने किती मांडावी लागतील याचा हिशेब कोणासही करता येईल.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लक्ष ५८ हजार भरली. त्यांत साठ वर्षांवरील माणसे शेकडा अकरांहून अधिक होती. केरळाखालोखाल देशात हेच प्रमाण सर्वाधिक होते. त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतची मुले सुमारे १ लक्ष ४४ हजार होती, म्हणजे शेकडा दहांहूनही कमी. तेव्हाच गोव्यात अंगणवाडीच्या वयाच्या मुलांपेक्षा आजी-आजोबांच्या वयाची माणसे अधिक झाली होती. २०२१ मध्ये व्हावयाची जनगणना लांबली, तथापि पुढली आकडेवारी कोणत्या दिशेला असेल हे गावात डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. दीपमाळेचा आता मृदंग झाला आहे. मध्ये फुगलेला, दोन्ही टोकांस आवळलेला. त्या फुगीर भागात आम्ही, आमच्या पिढीचे लोक आहोत. वीस-पंचवीस वर्षांत तो फुगवटा वर सरकेल. आणि तेव्हा आमच्या खाली आम्हांस उचलणारे किती असतील?

या प्रश्नाचे उत्तर सभा-संमेलनांत जसे देतात तसे देण्याची आमची इच्छा नाही. तेथे हटकून कोणी तरी उठते आणि आजच्या मुली शिकल्या, उशिरा लग्न करू लागल्या, त्यामुळे हे झाले, असे म्हणते. मुली शिकल्या हे खरे, आणि शिकावे म्हणून त्यांना शाळेत आम्हीच घातले. मुलगे परदेशी गेले हेही खरे, आणि त्यांच्या पारपत्रांच्या कागदांवर आम्हीच सह्या केल्या. ज्या घरात एकच अपत्य आहे त्या घरात आईबापांनी पैशांचा, जागेचा आणि आपल्या आयुष्याचा विचार केलेला असतो. आम्हांसही एकच कन्या आहे. अपराध कोणाचाच नाही. परंतु कोणाचा अपराध नसलेल्या गोष्टीचेही परिणाम व्हावयाचे ते होतातच, आणि ते सोसण्याची व्यवस्था कोणी तरी करावी लागते.

ते परिणाम आमच्या कचेरीत रोज येऊन बसतात. गोव्याचा वारसा कायदा हा मूळचा १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेचा. तो येथे १८७० पासून लागू झाला आणि २०१६ पासून अंमलात आलेल्या नव्या वारसा कायद्यातही त्याचा गाभा कायम राहिला. पती-पत्नींची मिळकत बहुधा सामाईक. एक गेला की निम्मी मागे राहिलेल्याची. मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखा. आणि ज्याला मुले आहेत त्याला आपल्या मिळकतीपैकी अर्ध्या भागाचीच इच्छेप्रमाणे वाट लावता येते. उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव. हा कायदा न्याय्य आहे असे आमचे मत आजही आहे. परंतु तो ज्या समाजासाठी लिहिला गेला त्या समाजात वारस पुष्कळ असत आणि ते उंबऱ्याच्या आत असत. वाटणीवरून भांडण होईल ही त्या कायद्याची चिंता होती. वाटणी घ्यायला कोणी येणारच नाही, ही चिंता त्याने कधी केली नव्हती. आता इन्व्हेंटरीच्या कामात वारसांच्या जागी कुलमुखत्यारपत्रे हजर होतात, आणि ज्या घराची वाटणी चालली आहे त्याच्या दारावर कुलूप असते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक वृद्ध बाई आल्या. वय पंच्याऐंशी. पती पूर्वीच निवर्तले होते, तिन्ही मुले दूर देशी. मुले वाईट होती असे नव्हे. पैसे नियमाने येत, फोन रोज येत. आम्हांस वाटले, बाईंना मुलांविरुद्ध काही करावयाचे असेल. म्हणून आम्ही २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा समजावून सांगू लागलो: आईबापांचा सांभाळ ही मुलांची जबाबदारी कशी, सांभाळाच्या अटीवर दिलेले बक्षीसपत्र मुलाने सांभाळ नाकारल्यास तेविसाव्या कलमाखाली रद्द कसे होऊ शकते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, मला कोणाला कोर्टात ओढायचे नाही. मला रात्री उठवून औषध देणाऱ्या मुलीला काही तरी द्यायचे आहे."

ती मुलगी उत्तर कर्नाटकातली. बांधकामावर आलेल्या मजुराची बायको. सहा वर्षे ती बाईंजवळ राहत होती. मुलांच्या राखीव भागाला धक्का न लावता, उरलेल्या भागातून थोडी जमीन आणि बँकेतील काही रक्कम तिला द्यावी, अशी बाईंची इच्छा होती. कायद्याने यात काहीही अडचण नव्हती. अडचण बाईंना वाटत होती ती निराळी. "गाव काय म्हणेल? घराण्याची जमीन भायल्या माणसाला दिली म्हणतील ना?" आम्ही मृत्युपत्राचा मसुदा केला, विशेष नोटरीपुढे ते यथाविधी झाले. पुढे बाई गेल्या तेव्हा मुलांनी त्या मृत्युपत्रास हरकत घेतली नाही, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण म्हणून येथे नमूद केले पाहिजे. गाव मात्र बोलावयाचे ते बोललेच.

गावाच्या त्या बोलण्यात आम्हीही पूर्वी आमचा सूर मिसळलेला आहे, म्हणून हे लिहिताना संकोच होतो. बाहेरून येणाऱ्यांमुळे गोवा बदलला, ही तक्रार आपण सर्वच करतो, आणि जमिनींच्या किमती व गावांची उघडीबोडकी होणारी डोंगरे पाहिली म्हणजे ती निराधारही वाटत नाही. पण वयोरचनेच्या दृष्टीने पाहिले तर जे येतात ते बहुतांशी तरुण असतात. आमच्या मृदंगाचा मधला भाग जो अजून ताठ आहे, तो काही अंशी त्यांच्या हाडांवर. आमच्या वृद्धांना अंघोळ तेच घालतात, आमच्या माडांवर तेच चढतात, आमच्या इस्पितळांत रात्रपाळी तेच करतात. ज्या प्राथमिक शाळेत आम्ही मराठीची मुळाक्षरे गिरविली ती पटसंख्येअभावी बंद पडली. शेजारच्या गावातली अजून चालू आहे ती त्यांच्या मुलांमुळे. आपल्या देवतांचा इतिहास ठाऊक असणाऱ्यांस तर हे समजावयास कठीण जाऊ नये. सोळाव्या शतकात केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. त्या वेळी आमचे पूर्वजही अंत्रुजात परकेच होते, आणि तेथील लोकांनी त्यांना जागा दिली. आज त्या जागेवर आम्ही स्वतःस मूळचे म्हणवितो.

आता त्या बाजूस ठेवलेल्या घराण्याकडे येतो, ज्याची सर्व नावे तांबड्या रेघेखाली गेली.

चार वर्षांपूर्वी त्या घराण्यातील थोरल्या मुलीने देवस्थान समितीस अर्ज केला होता. वडील आजारी होते, भाऊ नाही, तेव्हा वडिलांमागे घराण्याची सेवा आणि महाजनकी आपल्याकडे चालू ठेवावी, एवढीच तिची मागणी. समितीने आमचा अभिप्राय मागविला. आम्ही तो दिला. १९३३ साली पोर्तुगीज सरकारने देवस्थानांसाठी केलेली नियमावली, आमच्या देवस्थानचे पोटनियम, आजवरची वहिवाट, यांचा यथासांग ऊहापोह करून आम्ही लिहिले की ही मागणी मान्य करण्यास आधार नाही. अभिप्राय दीड पानाचा होता. त्यात कायद्याची चूक आजही सापडणार नाही. त्याच्या आधारावर अर्ज फेटाळला गेला, आणि गेल्या वर्षी तिच्या वडिलांचे नाव खोडण्याचे काम आमच्याच वाट्यास आले. त्या नावाखाली लिहावयास निळी शाई होती, नाव होते, माणूस होते. फक्त आमचा अभिप्राय आड येत होता.

हे आम्ही घरी बोललो नव्हतो. परंतु श्रावणात भजनी सप्ताह आला. आमच्या देवळात सप्ताहाचे प्रहर घराण्यांना वाटून दिलेले असतात, आणि आमच्या घराण्याची पाळी पहाटे दोन ते चार. वडिलांच्या वेळी त्या दोन तासांत सभामंडपात चुलते, आते-मामेभाऊ यांची दाटी असे. टाळ कमी पडत. या खेपेस घराण्याचे आम्ही चार पुरुष होतो, त्यांपैकी दोघांना खाली बसवत नव्हते. पाळी निभावली ती आमच्या सोळा वर्षांच्या कन्येने आणि तिच्या मैत्रिणींनी. ती पेटी चांगली वाजवते, गळाही बरा आहे. चार वाजता पुढल्या घराण्याची मंडळी आली, आम्ही प्रसाद घेऊन बाहेर पडलो, तेव्हा दारापाशी लावलेल्या फळ्याकडे पाहत तिने विचारले, "बाबा, येथे तुमचे नाव आहे. तुमच्यामागे येथे कोणाचे लिहितील?"

वकिलीत वीस वर्षे गेली. उलटतपासणीत निरुत्तर झाल्याचे प्रसंग आम्हांस फारसे आठवत नाहीत. त्या पहाटे मात्र आम्ही, "पाहू या," एवढेच म्हणालो. ज्या कायद्याने तिला आमच्या घराचा, कुळागराचा आणि कर्जाचाही पूर्ण वारसा दिला आहे, त्याच कायद्याच्या प्रदेशात घराण्याचे दोन तासांचे भजन तिला वारशाने देता येत नाही, हे सोळा वर्षांच्या मुलीस कसे समजावून सांगावे? ती ते दोन तास नुकतीच गाऊन आली होती.

त्यानंतर आम्ही समितीस दुसरा अभिप्राय लिहून दिला. पहिला चुकीचा होता असे त्यात म्हटलेले नाही, कारण तो चुकीचा नव्हता. परंतु पोटनियम महाजनांनी केलेले असतात आणि महाजनांना ते सरकारच्या संमतीने बदलता येतात. ते ज्या काळी झाले त्या काळी दर घरात तीन-चार मुलगे असत. आज कित्येक घरांत एकच अपत्य असते आणि ते निम्म्या वेळा कन्या असते. मुलींना वगळणारी यादी दर पिढीस निम्म्याने आटत जाईल, आणि मग देवाच्या सेवेसाठी केलेला नियम सेवेकऱ्यांवाचून उरेल. हे सर्व आम्ही आकड्यांनिशी लिहिले. त्या अभिप्रायाच्या शेवटी आम्ही, वकिलाने सहसा लिहू नये असे, एक वाक्य घातले: या विषयात आमचा स्वतःचा हितसंबंध आहे, आम्हांस एकच कन्या आहे, तेव्हा आमचे म्हणणे तोलून घ्यावे.

विषय आमसभेपुढे यावयाचा आहे. काही ज्येष्ठ महाजनांना तो रुचलेला नाही, आणि त्यांच्या नापसंतीचा आम्ही अनादर करीत नाही. ज्यांनी आयुष्यभर एक वहिवाट श्रद्धेने जपली त्यांना ती एका अर्जाने बदलू द्यावी असे वाटत नाही, हे स्वाभाविक आहे. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील आमच्या कुळावी बंधु-भगिनींस मात्र आमची एक विनंती आहे. मे महिन्याच्या सुटीत आपण कुळदेवतेच्या दर्शनास येता, अभिषेक करता, अग्रशाळेत एक रात्र राहून परत जाता. त्या वेळी कचेरीत जाऊन आपल्या घराण्याचे पान उघडून पाहावे. किती नावे तांबडी झाली आहेत, निळी किती उरली आहेत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले म्हणजे या विषयावर आपले मत काय असावे हे आम्ही सांगावयास नको.

पालखीचा प्रश्न तेवढ्याने सुटेल असे नव्हे. खांदे कमी होतच राहणार आहेत. ज्या मुली जन्मल्या नाहीत त्या कोणत्याही ठरावाने जन्मास येणार नाहीत. पण जी माणसे आहेत ती तरी मोजली जावीत, ही अपेक्षा जास्त आहे असे आम्हांस वाटत नाही.

असो. यंदाच्या जत्रेआधी आमच्या मागे उभे राहणारे ते वृद्ध महाजन भेटले. आमच्या दुसऱ्या अभिप्रायाची वार्ता त्यांच्या कानी गेली होती. ते रागावले असतील असे धरून आम्ही नमस्कार करून बाजूने निघू लागलो, तोच त्यांनी थांबविले. त्यांना दोन नाती आहेत, नातू नाही. क्षणभर ते काहीच बोलले नाहीत. मग दीपमाळेच्या कट्ट्यावर बसत म्हणाले, "आमसभा केन्ना आसा, वकीलबाब? म्हाका वेळार सांगात. चलपाक वेळ लागता."